मी टॉपर, टीम लीड मात्र तो झाला... माझं काय चुकलं?

ताई नमस्कार. मी 25 वर्षांची, पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजमधून मेकॅनिकल झालेय, सीजीपीए 9.1, ब्रँचमध्ये दुसरी होते. अडीच वर्षं झाली, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाचा दर्जा बघायला आहे. माझ्यासोबत बुलढाण्याकडचा एक मुलगा आहे, अमरावती युनिव्हर्सिटीचा, दोन बॅकलॉग होते (विषय राहिले होते), एक वर्ष गेलं, आधी कॉन्ट्रॅक्टवर होता मग पर्मनंट झाला. गेल्या महिन्यात त्याला टीम लीड केलं. झालं काय की एका बुशचं (बाहेरून येणारा एक छोटा नळीसारखा पार्ट) रिजेक्शन वाढलं होतं, मी तीन आठवडे डेटा घेतला, फिशबोन, म्हणजे कारणं शोधायची आकृती काढली, 11 पानी रिपोर्ट दिला, कोणत्या तारखेपासून प्रॉब्लेम सुरू झाला ते ग्राफवर स्पष्ट दिसत होतं. हा एक दिवस व्हेंडरकडे, म्हणजे बुश बनवून देणाऱ्याकडे गेला, बाहेर टपरीवर चहा प्यायला आणि येऊन सांगितलं की तिथला मेन ऑपरेटर बहिणीच्या लग्नाला गावी गेलाय आणि मालकाने काम गुपचूप शेजारच्या शेडमध्ये दिलंय. प्रॉब्लेम सुटला. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, पुस्तकं वाचून लाईन चालत नाही. आई पण म्हणते तुला अभ्यास येतो, व्यवहार येत नाही. ताई, मोठ्या कॉलेजची मुलं खरंच अशीच असतात का? चार वर्षं रात्र रात्र जागले ते फुकट गेलं का? एमबीए केलं तर हे स्ट्रीट स्मार्ट प्रकरण जमेल का, का सरळ गेटची परीक्षा देऊन पीएसयूत, म्हणजे सरकारी कंपनीत जाऊ?
पल्लवी (नाव बदललं आहे)

पल्लवी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझ्या साहेबांचा राग आला, कारण नोकरीत अडीच वर्षं झालेल्या पोरीला भर मीटिंगमध्ये असं बोललं की ती पुढची पाच वर्षं प्रत्येक रिपोर्ट देताना घाबरते, हे मी डोळ्याने बघितलंय. ते वाक्य आधी डोक्यातून काढ. काढणं सोपं नाही, तरी काढ.

आता त्या बुशचं बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बुशमध्येच आहे. तुझ्या ग्राफवर तारीख दिसत होती म्हणतेस. मग मला सांग, तो मुलगा व्हेंडरकडे गेला त्याआधी त्याने तुझा ग्राफ बघितला होता का? मला वाटतं बघितला असणार, निदान ऐकलं तरी असणार. कारण टपरीवर उभं राहून "काय दादा, काय चाललंय" असं विचारलं तर लोक हवापाण्याच्या गप्पा मारतात, पण "या महिन्यात इथे काही बदललंय का, कोणी सुट्टीवर गेलंय का" असं विचारायला आधी काहीतरी बदललंय हे माहीत असावं लागतं, आणि ते कोणी शोधलं? तू शोधलंस. तुझं काम तारखेपाशी येऊन थांबलं आणि त्याचं तिथून सुरू झालं. तू रिपोर्ट मेल केलास आणि डेस्कवर बसून राहिलीस, तो उठून गेला. तुझी चूक असलीच तर एवढीच आहे, आणि ती मी पण केलेली आहे म्हणून ठामपणे सांगते.

मी सांगलीची, शिवाजी विद्यापीठाची 1991 ची इंजिनिअर, त्यानंतर भोसरी-पिंपरी पट्ट्यात 27 वर्षं परचेस आणि व्हेंडर डेव्हलपमेंटला काढली. डिस्टिंक्शन होतं. 1994 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक शाफ्ट यायचा, 120 मिलिमीटर व्यासाचा, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा मिळून 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). व्हेंडरचा रिपोर्ट ओके, आमच्या गेज रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत मोजला की अंडरसाइझ, मापापेक्षा लहान. परत पाठव, डेबिट नोट काढ, पुन्हा तेच. दोन महिने भांडण. मी त्याच्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन तपासलं, ड्रॉइंग तपासलं, त्याच्यावर खोटे रिपोर्ट लिहितोस असा आरोप पण केला, आणि मग एक दिवस त्याच्या शेडमध्ये एक वयस्कर ऑपरेटर, मिरजेकडचे होते, हात पुसत पुसत मला म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून दुपारचाच माल परत येतोय, सकाळचा एकदा पण आला नाही. तुम्ही बघा." मी तिथे मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे तो शाफ्ट, हातात घेतला तर कोमट. मे महिना, वर पत्रा, आणि जॉब तसाच गरम मोजून ट्रेमध्ये ठेवत होते. आमची गेज रूम 20 डिग्रीला. आता तू मेकॅनिकलची आहेस, तूच हिशोब कर, स्टील एका मीटरला एका डिग्रीला साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं, 120 मिलिमीटरला 15 डिग्रीचा फरक जरी धरला तरी 20 मायक्रॉन झाले. म्हणजे त्याने गरम असताना अगदी मधोमध साइझ धरली तरी थंड झाल्यावर तो लिमिटच्या खालीच जाणार. कोणी खोटं बोलत नव्हतं.

हे सूत्र मला पाठ होतं गं. सेकंड इयरला यावरचं न्यूमेरिकल मी पैकीच्या पैकी सोडवलं होतं. पण पेपरात लांबी दिलेली असते, अल्फा (धातू किती प्रसरण पावतो तो आकडा) दिलेला असतो, तापमानातला फरक दिलेला असतो, आपण फक्त गुणाकार करतो. शेडमध्ये तो फरक कोणी लिहून देत नाही, जॉब हातात घेऊनच कळतो. आणि त्या काकांना दुपार-सकाळ दिसलं होतं पण 20 मायक्रॉन काढता येत नव्हते, त्यामुळे त्यांचा मालक त्यांचं ऐकत नव्हता. मी कागदावर तो आकडा लिहून दिला तेव्हा मालकाने ऐकलं, जॉब एक तास थंड करून मोजायला लागले, आणि रिजेक्शन बंद.

तर त्या काकांकडे जे होतं त्याला तू स्ट्रीट स्मार्ट म्हणशील, मी त्याला अभ्यासच म्हणते. रोज बघणं, लक्षात ठेवणं, दोन गोष्टींचा मेळ घालणं, हे अभ्यासाशिवाय दुसरं काय आहे? फक्त त्याचं मार्कशीट मिळत नाही.

आता युनिव्हर्सिटीचं. मोठ्या कॉलेजची मुलं अशीच असतात का विचारतेस. नाही. मी आयआयटी मुंबईचा मुलगा फोर्जिंग शॉपमध्ये हॅमरवाल्यासोबत डबा खाताना बघितलाय आणि लहान गावातल्या कॉलेजचा मुलगा फक्त साहेबाच्या मागेपुढे करताना पण बघितलाय, ज्याला ना पुस्तक यायचं ना व्यवहार. मुंबई युनिव्हर्सिटीवाले पुस्तकी, पुण्याचे शिष्ट, नांदेड-अमरावतीवाले जुगाडू, या गप्पा आमच्या काळी पण कॅन्टीनमध्ये चालायच्या, त्यांच्यावर विसंबून मी दोनदा माणसं घेतली आणि दोन्ही वेळा पस्तावले.

पण एक फरक मात्र मला दिसला आणि तो बुद्धीचा नाही, सवयीचा आहे. कोण कुठल्या कॉलेजात जातो हे आपल्याकडे पुष्कळदा घर कुठे आहे यावर ठरतं. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला बऱ्याच कॉलेजांत 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना, हे वर्षानुवर्षं चालत आलंय, म्हणजे त्या बुलढाण्याच्या मुलाला पुण्यात यायचं तर त्या 30 टक्क्यांत घुसायचं, वर होस्टेल, मेस, सगळा खर्च. तू पुण्यातच होतीस. मी तुझे मार्क कमी लेखत नाहीये, फक्त त्याची वाट कशी होती ते सांगतेय. अशा कॉलेजांतून आलेली कितीतरी मुलं माझ्या हाताखाली होती, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. लॅबमधलं मशीन बंद, शिकवणारे सर अर्ध्या सेमिस्टरला सोडून गेलेले, मार्कशीटवर नाव चुकलं तर पहाटेची एसटी पकडून युनिव्हर्सिटीत जायचं, तीन खिडक्या फिरायच्या, जेवणाच्या सुट्टीच्या आत तिथल्या क्लार्ककडून काम करून घ्यायचं नाहीतर परत पुढच्या आठवड्यात तोच प्रवास. असं चार वर्षं केलेल्या मुलाला माणूस कसा बोलता करायचा हे शिकवावं लागत नाही. आणि नंतर कॅम्पसला "60 टक्के थ्रूआउट, लाईव्ह बॅकलॉग नको" अशी अट, म्हणजे सगळ्या वर्षांना 60 टक्के हवेत आणि राहिलेला विषय नको, म्हणजे तुझा तो सहकारी बहुतेक कंपन्यांच्या परीक्षेला बसूच शकला नसणार. तो कॉन्ट्रॅक्टवरून वर आलाय. त्याच्याबद्दल लिहिताना तू "टपरीवर चहा प्यायला" असं लिहिलंस ना, ते मला जरा खटकलं. तो चहा म्हणजे त्याचा फिशबोन होता.

आणि तुझी सवय उलटी झाली. तुला प्रश्न नेहमी नीट छापून मिळाला. प्रश्न पहिला किंवा दुसरा, तिसरा किंवा चौथा, जे येतं ते सोडव आणि उत्तर पुस्तिकेत लिही. त्यात तू खूप चांगली झालीस, इतकी चांगली की दिलेल्या प्रश्नाच्या बाहेर एखादी गोष्ट असू शकते हे बघायची वेळच आली नाही. आठवतं का, ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारायचे, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट ट्रेस करायची? तू नक्कीच मारली नसशील, स्वतः काढली असशील. ती तुझी मेहनत आजही तुझ्या हातात आहे, कोणी ड्रॉइंग पुढे टाकलं की तुला लगेच दिसत असेल कुठे डेटम (जिथून मापं धरतात ती जागा) चुकलाय. ते फुकट कसं जाईल?

पुस्तक आणि काम हे दोन वेगळे पक्ष आहेत असं आपण उगाच धरून चाललोय. आपल्या पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला आज सगळे अभ्यासू पोरांचं कॉलेज म्हणतात, ते 1854 ला सुरू झालं तेच मुळी सरकारी बांधकामं, कालवे, पूल, रेल्वे यांच्यावर काम करणारे हाताखालचे लोक तयार करायला. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले, रंग ओळखायला त्रास होतो म्हणून चित्रकला सोडली, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ते शिकवलं, तिथे बढती डावलली गेली, बेळगावात सायकलचं दुकान चालवलं, आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी केली. नांगर डिझाईन करायला ड्रॉइंग लागलं, पण लोखंडाने जमीन विषारी होते असं मानणाऱ्या शेतकऱ्याला तो नांगर घ्यायला लावणं हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. दोन्ही एकाच माणसाने केलं.

पल्लवी, आता एक गोष्ट जी तू लिहिली नाहीस, पण मला शंका आहे की ती आहे. तू डेस्कवर का बसून राहिलीस? मी तरुण असताना भोसरीच्या छोट्या शेडमध्ये बाईसाठी टॉयलेट नसायचं. म्हणजे नसायचंच. मी सकाळपासून पाणी प्यायची नाही, व्हिजिट दोन तासांत आटपायची, ऑफिसमध्ये मालकासमोर बसायची, पेपर बघायची आणि निघायची. माझ्यासोबतचे मुलगे दिवसभर मशीनपाशी उभे राहायचे, रात्री टेम्पो भरेपर्यंत थांबायचे, मग ढाब्यावर जेवायचे, आणि साहेब म्हणायचे की यांना फील्डची जाण आहे. जाण असणारच ना, ते तिथे होते! रस्त्यावरचं शहाणपण शिकायला आधी रस्त्यावर उभं राहता यायला हवं आणि टपरीवर एकट्या मुलीने दहा मिनिटं उभं राहणं आजही चाकणमध्ये किती सोपं आहे ते तुलाच माहीत. तुझ्या बाबतीत असं काही असेल तर त्याला स्वतःचा दुबळेपणा समजू नकोस. साहेबांना स्पष्ट सांग, मला महिन्याला चार व्हिजिट हव्यात, पूर्ण दिवसाच्या, कंपनीच्या गाडीने, आणि व्हेंडर ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये महिला स्वच्छतागृह हा मुद्दा टाका. मी हा मुद्दा टाकून घेतला तेव्हा मला नोकरीत 11 वर्षं झाली होती. तू एवढी थांबू नकोस.

रात्री ढाब्यावर जायची काही गरज नाही. मिरजेच्या त्या काकांनी मला जे सांगितलं ते सकाळी साडेअकराला, मशीनजवळ सांगितलं. ऑपरेटर शिकल्यासवरल्या माणसाशी बोलत नाहीत असं नसतं, त्यांना कोणी विचारतच नाही. मालकाच्या केबिनमध्ये बसू नकोस, मालक समोर असताना ऑपरेटर तोंड उघडत नाही. थेट मशीनपाशी जा, जॉब हातात घे, नाव विचार, गाव विचार आणि मग तुझ्या डेटातलं काहीतरी ठोस विचार, "दादा, नऊ तारखेनंतर टूल बदललंय का, का दुसऱ्या मशीनवर लावलंय?" तारखेसकट विचारलं की समोरच्याला कळतं ही मुलगी तयारीने आलीय, उगाच ओरडायला आलेली नाही. बोलताना ते पुस्तकी मराठी-इंग्लिश जरा बाजूला ठेव, "नॉन-कन्फॉर्मन्स" म्हणायच्या ऐवजी "माल बसत नाहीये" म्हण.

आणि रिपोर्ट 11 पानी करतेस ना, तो कर, पण त्याच्यावर एक पान लाव आणि त्या पानावर रुपये लिही. या बुशमुळे महिन्यात किती नग फेकले, किती रुपयांचे, लाईन किती तास थांबली. ग्राफवरची रेघ तुझ्या साहेबांना दिसली नाही, रुपये लगेच दिसतील. यात तुझा अभ्यास कुठेच कमी होत नाही, फक्त तो ज्याला द्यायचा त्याच्या भाषेत जातो.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर तुला वाटेल मी त्या मुलाचीच वकिली करतेय. माझ्या टीममध्ये एक जण होता, अतिशय चलाख, कुठलाही व्हेंडर त्याचं ऐकायचा. एकदा पिनचा लॉट टर्निंगलाच, म्हणजे लेथवरच मोठा राहिला आणि तसाच हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) होऊन आला, केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, 0.8 मिलिमीटर मागितलेली. लाईन थांबलेली, सगळे ओरडतायत, याने फोन फिरवले, ग्राइंडिंगवाल्याला रात्रभर बसवलं, जिथे बाजूला 0.1 काढायचं तिथे 0.4 काढलं, सकाळी पिना गेजमध्ये सुर्रकन गेल्या, सगळ्यांनी पाठ थोपटली. वरचं कडक कवच अर्धं ग्राइंडिंगच्या गाळात गेलं होतं आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. साताठ महिन्यांनी पिना झिजून फील्डमधून परत यायला लागल्या. पिनच्या आत काय आहे हे त्याला ओळखीपाळखीतून कळण्यासारखं नव्हतं, त्यासाठी मटेरियल सायन्सचा तो कंटाळवाणा पेपर लागतो. त्या दिवशी तू तिथे असतीस तर एक हार्डनेस टेस्ट लावून लॉट थांबवला असतास, शिव्या खाल्ल्या असत्यास, पण थांबवला असतास. म्हणून उद्या तुझा हा नवीन लीड किंवा साहेब "सही कर, बघून घेऊ" म्हणाले आणि तुला आकडा पटत नसेल, तर सही करू नकोस. तिथे व्यवहारज्ञान वगैरे काही ऐकायचं नाही.

एमबीए यासाठी करू नकोस. पाच-दहा वर्षांनी परचेस किंवा ऑपरेशन्समध्ये वर जायचं असेल तेव्हा बघ, पण माणसांशी बोलायला शिकायचं म्हणून लाखो रुपये भरायचे आणि परत वर्गातच बसायचं, याला काही अर्थ नाही. गेट द्यायचं तर जरूर दे, तुझे मार्क बघता तुला जमेल, पण मशीन डिझाईन आवडतं म्हणून, पीएसयूतलं काम करायचंय म्हणून दे. साहेब टोचून बोलले म्हणून पळून गेलीस तर तिथेही व्हेंडर आहेत, तिथेही लाईन आहे आणि तिथेही कोणीतरी तेच म्हणणार.

आईचं म्हणशील तर आईला एकदा हा बुशचा किस्सा नीट समजावून सांग, तारखेसकट. तिला वाटतंय पोरगी फसवली जाईल, एवढंच आहे ते.

त्या मुलाशी बोल. पुढच्या वेळी तो व्हिजिटला निघाला की म्हण मी पण येते, आणि गाडीत त्याला विचार की त्या दिवशी टपरीवर नेमका पहिला प्रश्न काय विचारलास. त्याने सांगितलं तर लिहून ठेव. आणि तू त्याला तुझा कंट्रोल चार्ट वाचायला शिकव, त्याला पण कुठेतरी टोचत असेल की मीटिंगमध्ये ग्राफ लागला की आपण गप्प बसतो. बॅकलॉगवाल्या मुलांना ते फार टोचतं, बोलत नाहीत.

आणि हो, त्या व्हेंडरचा ऑपरेटर लग्नाहून परत आला का? आला असेल तर पहिला लॉट तू स्वतः त्याच्या मशीनपाशी उभी राहून मोज. जॉब थंड करून.

तुझी ताई